अंधारखोलीतला हुंकार

आमच्या हॉस्पिटलात माझी खोली सगळ्यात आत. खिडकी नाही, दार लावलं की मिट्ट काळोख, आणि एसीमुळं बारा महिने गारठा. उस्मानपुऱ्यातल्या त्या इमारतीत मी बावीस वर्षं लोकांच्या डोळ्यांचं फिल्ड काढते. फिल्ड म्हणजे नजरेचा घेर. समोर बघत असताना आजूबाजूचं, वरखालचं किती दिसतं ते मोजायचं. माणूस एका मोठ्या पांढऱ्या वाडग्यासमोर हनुवटी टेकवून बसतो, मधल्या पिवळ्या दिव्याकडं बघत राहतो, आणि वाडग्यात कुठं कुठं बारीक उजेड लुकलुकतो. दिसला की हातातलं बटण दाबायचं. एवढंच काम, पण त्यातही लोक मला किती छळतात ते माझं मला ठाऊक.

कुणी मान फिरवून उजेड शोधत बसतं. कुणी दारावरची घंटी वाजवल्यासारखं बटण दाबत सुटतं. खेड्यांवरनं पहाटे उठून आलेली माणसं तर त्या गारठ्यात दोन मिनिटांत घोरायला लागतात. मी तोंडानं फटकळ. बाबा, खाट टाकू का, असं तोंडावर विचारायची. सिल्लोडकडचे एक म्हातारे तर झोपेत बटण दाबत होते, आणि उठवल्यावर मलाच म्हणाले की बाई, तुम्ही मधीच का थांबवलं.

त्यातनं मला हं म्हणायची सवय लागली. पुढचा उजेड कुठं पडणार ते माझ्या स्क्रीनवर मला दिसतं. तो पडला की मी घशातल्या घशात म्हणायची, हं. आमच्याकडं कुणी गोष्ट सांगत असलं की ऐकणाऱ्यानं हुंकार द्यायचा असतो, म्हणजे सांगणाऱ्याला कळतं की समोरचा जागा आहे. भावाला लहानपणी शेतात नेताना मी वाटभर गोष्टी सांगायची आणि तो मागनं हं हं करत यायचा. हुंकार थांबला की समजायचं, गडी मागं कुठंतरी बोरं वेचायला राहिला. इथं हुंकार माझा होता एवढंच. माणसं जागी राहायची, तपासणी वेळेत व्हायची, बाहेरची रांग हलायची. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

आणखी एक सांगायला हवं. प्रत्येकाच्या डोळ्यात एक जागा अशी असते की तिथं कुणालाच दिसत नाही. डोळ्याची नस जिथनं बाहेर पडते ती जागा. मशीन मुद्दाम अधूनमधून तिथं उजेड टाकतं. तिथं बटण दाबलं की समजायचं, हा माणूस अंदाजपंचे दाबतोय. स्क्रीनवर ती जागा आली की मी हं म्हणायची नाही. ठरवून नव्हे, हातासारखं तोंडही सवयीचं झालं होतं. त्यामुळं माझ्या कागदांवर चुका जवळजवळ नसायच्या, आणि डॉक्टर कुणालाही सांगायचे की फिल्ड काढावं तर ह्या बाईंनी. मला केवढा अभिमान होता त्याचा.

आता माझ्या माहेरचं. माझं माहेर देवगाव रंगारीजवळ. माझे मामा चाळिशीत आंधळे झाले. आधी तिन्हीसांजेला दिसेना, मग दिवसा कडेचं दिसेना, मग समोरचंही गेलं. घरात सांगायची रीत अशी होती की मामांचे डोळे तापात गेले. माझं लग्न ठरताना सासरच्यांनी विचारलं तेव्हा आई न अडखळता म्हणाली, विषमज्वर झाला होता, त्यात गेले. मी तिथंच चहाचा ट्रे घेऊन उभी होते. मला खरं काय ते माहीत नव्हतं, पण आई बोलताना माझ्याकडं बघत नव्हती हे मला दिसलं होतं.

पुढं भाऊ सव्वीस-सत्तावीस वर्षांचा असताना अंधार पडायच्या वेळेला अद्रकाच्या वावरातनं येताना पाटात पडला. मी त्याला धरून आमच्या हॉस्पिटलात आणलं. डॉक्टरांनी डोळ्यात औषध घालून आतला पडदा बघितला आणि खुर्चीत मागं सरकून बसले. पडद्याचा आजार होता, घराण्यात चालत आलेला. यात पडदा कडेकडून वाळत आत येतो. नजरेचा घेर आवळत जातो, मधली नजर शेवटपर्यंत टिकते, म्हणून माणसाला कळतच नाही की कडेचं गेलंय. औषध नाही. मोजत राहायचं, बस.

मग डॉक्टरांनी फाइलवर आमचं घराणं काढलं. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल. मामांचा चौकोन त्यांनी पेनानं गच्च काळा केला. भावाचा काळा केला. आईच्या गोलात एक टिंब दिलं. मग माझा गोल काढला आणि त्यातही एक बारीक टिंब देऊन शेजारी प्रश्नचिन्ह टाकलं. म्हणाले, हा आजार बाया वाहून नेतात, भोगतात पुरुष. आईकडनं मुलाकडं जातो. जाईल किंवा जाणार नाही, नाणं उडवल्यासारखं आहे. माझ्या गोलाखाली त्यांनी एक रेघ ओढून रिकामा चौकोन काढला आणि पेन तसंच धरून मला विचारलं, मुलगा किती वर्षांचा आहे?

सहा, मी म्हणाले.

त्या रिकाम्या चौकोनानं पुढची चौदा वर्षं माझी पाठ सोडली नाही. बारशाला सगळ्या बायका म्हणाल्या होत्या, पोरगं मामावर गेलंय, म्हणजे माझ्या भावावर. तसेच कान, तशीच हनुवटी, हसताना तशीच एका गालावर खळी. माझ्या आईला तर किती कौतुक. त्या दिवसानंतर कुणी असं म्हटलं की मी काहीतरी तिरकं बोलून विषय तोडायची. नवऱ्याला मी काही सांगितलं नाही. तो वाळूजला कंपनीत, त्याच्या पाळ्या, त्याची दगदग. पण खरं कारण ते नव्हतं. सांगितलं असतं तर आईचा तो विषमज्वर बाहेर आला असता.

डॉक्टर म्हणायचे, मुलाला एकदा घेऊन या. पडद्याचा विजेचा आलेख काढू. डोळ्याला तार लावून उजेड टाकतात आणि पडदा किती वीज देतो ते मशीन लिहितं. त्यात बटण नसतं. माणसाला काही विचारायचंच नसतं, डोळा स्वतःच सांगतो. रक्ताचीही तपासणी करू म्हणाले. मी हो हो म्हणायची आणि न्यायची नाही. पहिल्यांदा सहामाही होती, मग दहावी, मग त्याला कावीळ झाली, मग डॉक्टर परदेशी गेले. कारणं काय, हवी तेवढी सापडतात.

त्याऐवजी मी स्वतः बघायची. मुलगा बारा वर्षांचा झाला तेव्हापासून दर दिवाळीच्या सुट्टीत, दुपारी जेवणाच्या वेळेला खोली मोकळी असताना, मी त्याला वाडग्यापुढं बसवून फिल्ड काढायची. फाइल नाही, नाव नाही, कागद घरी नेऊन साड्यांच्या घडीत ठेवायचा. दरवर्षी कागद स्वच्छ यायचा. मग मी खालच्या गाडीवर त्याला भजी खाऊ घालायची आणि पुढं वर्षभर बरी झोपायची. डॉक्टरांनी विचारलं की सांगायची, सर, फिल्ड काढलंय मी, नॉर्मल आहे. ते म्हणायचे, तुम्ही काढलंय म्हणजे प्रश्नच नाही.

मुलगा तसा गुणाचा, पण धांदरट. ताटाशेजारचा पाण्याचा तांब्या त्यानं किती वेळा लवंडला असेल, कपाटाच्या उघड्या दारावर किती वेळा कपाळ आपटलं असेल. क्रिकेटमध्ये त्याला नेहमी अंपायर करायचे, कारण कडेनं आलेला झेल त्याच्या हाती लागत नसे. आणि मी काय म्हणायची? आपल्या घराघरात आया म्हणतात तेच. दिसत नाही का? डोळे फुटलेत का तुझे? दिवसातनं एकदा तरी. आज ते आठवलं की माझी जीभ झडावी असं वाटतं.

एका गोष्टीचं मात्र गल्लीभर कौतुक होतं. कॉलेजला गेला, गाडी मिळाली, तरी पोरगं दिवेलागणीच्या आत घरी. मित्रांचे वाढदिवस, गणपतीच्या मिरवणुका, कशाला थांबायचा नाही. शेजारणी आपल्या पोरांना त्याचं उदाहरण द्यायच्या आणि मी तोंडानं नाही नाही म्हणत मनात फुगायची. वळण लागतं घरातनं, असंही एकदा म्हणाले होते मी.

गेल्या दिवाळीआधी आम्ही शहागंजला पणत्या आणि पडद्याचं कापड घ्यायला गेलो. गर्दी होती, पण भर दुपार होती. माझा मुलगा माझ्याशी बोलत चालत होता आणि डाव्या बाजूनं आलेल्या काचेच्या पेल्यांच्या हातगाडीवर सरळ जाऊन आदळला. हळूच नव्हे, तिथं काही नाहीच अशा तऱ्हेनं. चार-पाच पेले फुटले. गाडीवाला म्हातारा चिडला नाही. मुलाच्या तोंडाकडं बघत त्यानं मला विचारलं, "अम्मा, बच्चे को बाजू का दिखता नै क्या?"

मी त्याच्यावर अशी काही तुटून पडले की बघे जमले. रस्त्यात गाडी लावता, वर आमच्या पोराला नावं ठेवता, असं काय काय बोलले. म्हातारा खाली वाकून काचा वेचत राहिला. घरी येईपर्यंत मी बडबडत होते आणि मुलगा म्हणत होता, जाऊ दे ना आई, माझंच लक्ष नव्हतं. मी पुढच्याच आठवड्यात त्याचं फिल्ड काढलं. स्वच्छ आलं. मला इतकं हलकं वाटलं की त्या म्हाताऱ्याला नेऊन तो कागद दाखवावा असं मनात आलं.

भावाचं फिल्डही मीच काढायची, दर सहा महिन्यांनी. तो एसटीनं यायचा, येताना मका नाहीतर अद्रक आणायचा, वाडग्यापुढं शहाण्यासारखा बसायचा. त्याचा घेर आवळला होता, पण जिथं होता तिथं टिकून होता. वर्षानुवर्षं तसाच. डॉक्टर पडदा बघून बुचकळ्यात पडायचे. म्हणायचे, पडद्यावर काळे डाग वाढलेत, पण फिल्ड हलत नाही, कमाल आहे. मी म्हणायची, सर, गावची हवा. आणि भावाला सांगायची, दिवसा ट्रॅक्टर चालवायला हरकत नाही, तुझं टिकून आहे.

या उन्हाळ्यात त्यानं ट्रॅक्टर मागं घेताना बांधाला लावलेली शेजाऱ्याची बैलगाडी मोडली. बैल सोडलेले होते म्हणून बरं. कुणीतरी वेडीवाकडी लावली होती, असं तो म्हणाला. वहिनी फोनवर दुसरंच बोलली. ती त्या गाडीच्या पलीकडं, हाताच्या अंतरावर उभी होती, आणि ओरडली तेव्हा यानं विरुद्ध बाजूला मान वळवून विचारलं, कुठंय तू? मी वहिनीला म्हणाले, पुढच्या खेपेला बघते.

पुढच्या खेपेला आमच्याकडं नवं मशीन आलं होतं. जुनं मशीन नजरेचा घेर मोजायचं. हे नवं पडद्याचाच फोटो काढतं आणि त्यावर एकेक ठिकाण धरून तिथं किती दिसतं ते मोजतं. बारीकसा उजेड पडद्याच्या नेमक्या त्या ठिकाणी पडतो. चांगलं दिसलं तर फोटोवर हिरवा ठिपका, कमी तर पिवळा, त्याहून कमी तर लाल, काहीच नाही तर काळा. मशीन शिकवायला पुण्याहून एक मुलगी आली होती. विशीतली, बारीक आवाजाची, पण कामात पक्की. पहिला पेशंट म्हणून मी भावालाच बसवलं. मी सवयीनं पुढं झाले तर ती म्हणाली, मॅडम, आज मी चालवते, तुम्ही मागं उभ्या राहून बघा. आणि तपासणी सुरू असताना बोलायचं नाही हं.

मी मनातल्या मनात तिला दोन शिव्या दिल्या आणि मागं उभी राहिले.

फोटोवर एकेक ठिपका उमटायला लागला. काळा. काळा. काळा. मला वाटलं, भाऊ अजून सावरला नसेल. मग काळा. अगदी मधोमध चार-पाच हिरवे-पिवळे आले आणि भोवती पुन्हा सगळे काळे. भावाच्या हातातलं बटण मुकं होतं. त्या पोरीनं माझ्याकडं बघितलं आणि हळू आवाजात विचारलं की हे पेशंट बरेच पुढच्या टप्प्यावर आहेत ना, हे एकटे येतात का?

मी म्हणाले, मशीन बिघडलंय तुमचं.

तिला तिथंच सोडून मी भावाचा दंड धरला आणि त्याला माझ्या खोलीत, माझ्या जुन्या मशीनपुढं आणून बसवलं. दार लावलं. हनुवटी टेकवली, बटण हातात दिलं, सुरू केलं. रागानं माझे दात एकमेकांवर आवळलेले होते, त्यामुळं तोंडातनं काही निघतच नव्हतं. उजेड पडत होते आणि बटण क्वचित कुठंतरी वाजत होतं. थोडा वेळ गेला आणि वाडग्यातनं भावाचा आवाज आला.

"आक्का, आज तू बोलंना गेलीस. मग दाबू कवा?"

मी मशीन थांबवलं. मला आधी कळलंच नाही. मी विचारलं, कवा दाबू म्हणजे काय?

"तू हं म्हणलीस की दाबायचं. आसंच आसतंय ना?"

त्याच्या तोंडावर लबाडीचा लवलेश नव्हता. मी विचारलं, उजेड दिसायचा का तुला? तो म्हणाला, कवा दिसायचा, कवा नाय. पण तू हं म्हणायचीस म्हंजी आसंलच तिथं. मी विचारलं, कधीपासनं? तो म्हणाला, पहिल्यापासनं. मी विचारलं, मला सांगितलं का नाही? त्यावर तो हसला, एका गालावर खळी पडली, आणि म्हणाला की कागद चांगला आला की तू लई खूश व्हायचीस.

मी खाली स्टुलावर बसले. चौदा वर्षं मी माझाच हुंकार मोजत होते. त्याची जी कड गेलीच आहे असं मी धरून चालले होते तिथं मी हं म्हणायची नाही, म्हणून घेर तेवढाच राहायचा. आंधळ्या जागेवर मी हं म्हणत नव्हते, म्हणून तोही तिथं दाबत नव्हता, आणि मशीन लिहीत होतं की पेशंट भरवशाचा आहे. त्याच कागदाच्या जिवावर मी त्याला ट्रॅक्टरवर बसवलं होतं. वहिनी हाताच्या अंतरावर होती. मी त्याच्याकडं ट्रॅक्टरची किल्ली मागितली. तो म्हणाला, ती घरी खुंटीला आहे. मग मी म्हणाले, तुझी शपथ आहे, पुन्हा हात लावायचा नाही. त्यानं मान हलवली. त्याला बहुतेक सगळं आधीच कळलेलं होतं, कागद मान्य करत नव्हता एवढंच.

उठताना तो खुर्चीचा हात चाचपडत होता. दाराजवळ थांबला आणि मागं न बघता म्हणाला, "आक्का, भाच्याचं बी तूच बघतीस ना?"

मी मशीन बंद करायला वळले. तो भिंतीला हात लावत बाहेर गेला.

त्या दिवशी मी घरी जाऊन साड्यांच्या घड्या उलगडल्या. आठ वर्षांचे कागद. सगळे स्वच्छ, सगळे माझ्या हातचे. मुलगा स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून चहा पीत होता आणि विचारत होता की आई, काय हरवलंय. कप ठेवायला तो ओट्याकडं वळला आणि मी प्रथमच त्याच्याकडं पेशंट म्हणून बघितलं. कप ठेवण्याआधी त्यानं डाव्या हातानं ओट्याची कड शोधली. इतकी सहज, इतकी सवयीची हालचाल होती ती. किती वर्षं करत असेल कोण जाणे.

संध्याकाळी वीज गेली. फार काळोखही नव्हता, दारातनं उजेड येत होता, मला सगळी खोली दिसत होती. मुलगा पलंगावर बसला होता तो जागचा हलला नाही. मी म्हणाले, मेणबत्ती आण रे. तो म्हणाला, तू आण ना, मला कंटाळा आलाय. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले, दोन हातांवर. तो मी मघाशी जिथं होते त्या बाजूला बघून बोलत राहिला. मी श्वास दाबून उभी होते. वीज आली तेव्हा तो मला समोर बघून दचकला आणि हसला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्याला हॉस्पिटलला बोलावलं. म्हणाला, आत्ता कुठं दिवाळी आहे? मी म्हणाले, मुकाट्यानं ये. तो आला. बाहेर झाडलोट करणाऱ्या मावशींशी गप्पा मारल्या, मग आत येऊन खुर्चीत बसला आणि आपली आपण हनुवटी टेकवली. एवढी सवय झाली होती पोराला.

नेहमीच्या तपासणीत आम्ही मधला भाग बघतो. पण हा आजार कडेनं सुरू होतो. मशीनमध्ये एक तपासणी फक्त कडेची आहे, मधलं सगळं सोडून नुसता बाहेरचा वेढा बघायचा. ती फारशी कुणी लावत नाही. त्याच्यासाठी मी ती कधीच लावली नव्हती, आणि का लावली नव्हती हे माझं मला आता नीट कळत होतं. ती लावली. चांगल्या डोळ्याच्या माणसाला त्यातले बहुतेक उजेड सहज दिसतात. म्हाताऱ्या माणसांनाही दिसतात.

मी त्याला सांगितलं, मधल्या पिवळ्या दिव्याकडं बघायचं, उजेड दिसला तरच दाबायचं, आणि आज मी बोलणार नाही.

"मग झोप येईल मला," तो म्हणाला.

मी पदराचं टोक दातांत घट्ट धरलं आणि सुरू केलं. मशीन घरघरायला लागलं. स्क्रीनवर पहिला ठिपका पेटला, वर डावीकडं. पेटला, विझला. मग उजवीकडं खाली. मग पुन्हा डावीकडं. प्रत्येक वेळी माझ्या घशात हं येऊन थांबत होतं. पदर तोंडात कोंबून मी ते गिळत होते. न दिसलेल्या जागी मशीन पुन्हा जास्त मोठा उजेड टाकतं, तसा ते टाकायला लागलं. जेवढा मोठा टाकता येतो तेवढा. मुलगा ताठ बसला होता, बोट बटणावर तयार, डोळे सरळ पुढं. हललासुद्धा नाही. इतका शहाणा पेशंट मी बावीस वर्षांत बघितला नसेल.

वेढ्याची पहिली फेरी संपली. दुसरी सुरू झाली. मी देवाला म्हणत होते, एकदा, फक्त एकदा वाजू दे.

मग वाडग्यातनं त्याचा आवाज आला, जरा कंटाळलेला, नेहमीसारखा साधा.

"आई, मधला पिवळा तेवढा चालू आहे. बाकीचे बल्ब गेलेत वाटतं."

स्क्रीनवर उजवीकडचा ठिपका पेटलेला होता. मी त्याच्याकडं बघत बसले. पदर तोंडातच होता.